‘आमच्या कॉलेजला एनआयटी करा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न असा: जिल्ह्याच्या ठिकाणी साठेक वर्षं जुनं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ते केंद्राने ताब्यात घेऊन त्याचं राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान, म्हणजे एनआयटी करावं, अशी माजी विद्यार्थ्यांची मागणी आहे. असं झालं तर आत काय बदलतं, अशी राष्ट्रीय संस्था उभी कशी राहते आणि रोज चालते कशी?

पाटी एका दिवसात बदलते. पदवी कोणाच्या सहीची, पगार कोणत्या तिजोरीतून आणि जागा कोणाला, हे बदलायला आणि बदललेलं अंगवळणी पडायला दहा वर्षं सहज जातात. निवेदनं पाटीसाठी दिली जातात आणि नंतर सगळी दमछाक बाकीच्या गोष्टींत होते. म्हणून उत्तर लांब आहे.

आधी एनआयटी ही संस्था आली कुठून ते बघू, कारण आजच्या बऱ्याच गाठी तिथल्याच आहेत. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलाद कारखाने, धरणं, वीजकेंद्रं यांसाठी इंजिनिअर कमी पडणार हे दिसलं आणि केंद्र-राज्य भागीदारीतली रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. वारंगळ १९५९ चं. नागपूर, भोपाळ, दुर्गापूर, जमशेदपूर, सुरतकल, श्रीनगर १९६० ची. पुढे अलाहाबाद, सुरत, राऊरकेला, कालिकत, कुरुक्षेत्र, जयपूर, तिरुचिरापल्ली, सिल्चर, आणि शेवटी हमीरपूर (१९८६) व जालंधर (१९८७) धरून सतरा. नागपूरचं कॉलेज कोऱ्या माळावर उगवलं नव्हतं. जुलै १९५६ पासून चालू असलेलं राज्य शासनाचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यात विलीन करून जून १९६० मध्ये ते सुरू झालं आणि पुढे त्याला विश्वेश्वरय्यांचं नाव मिळालं. तुमच्या मागणीचा महाराष्ट्रातला दाखला म्हणूनच नागपूरचा आहे.

त्या योजनेची वाटणी साधी होती. इमारती आणि यंत्रसामग्रीचा भांडवली खर्च केंद्राचा. पदवी अभ्यासक्रमाचा चालू खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा खर्च केंद्राचा. निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना, निम्म्या बाहेरच्यांना. कॉलेज चालवायला १८६० च्या कायद्याखाली नोंदवलेली सोसायटी, आणि परीक्षा व पदवी मात्र स्थानिक विद्यापीठाची.

म्हणजे मालक तीन. पगाराचं अर्धं राज्याकडे अडकायचं. इमारतीचा कागद दिल्लीत असायचा. एखादा विषय अभ्यासक्रमातून काढायचा तर विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे उभं राहावं लागे, आणि तिथे बाकीची कॉलेजं म्हणत, आमच्याकडे शिकवायला माणसं नाहीत, जुनंच राहू द्या. प्रयोगशाळेत नवं यंत्र येऊन बसलेलं असे, पण प्रात्यक्षिकांच्या यादीत त्याचा प्रयोगच नसे. चांगला प्राध्यापक टिकेना याचं कारण पगाराइतकंच हेही होतं. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीने १९९८ च्या अहवालात ही कॉलेजं या तिहेरी जोखडातून सोडवायला सांगितलं. २००२ पासून टप्प्याटप्प्याने त्यांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा आणि नवं नाव मिळालं, आणि एनआयटी कायदा १५ ऑगस्ट २००७ पासून लागू झाला.

या कायद्याने काय दिलं? राज्यघटनेच्या संघसूचीतल्या ६४ व्या नोंदीप्रमाणे संसदेने कायद्याने जाहीर केलेली ‘राष्ट्रीय महत्त्वाची संस्था’ हा दर्जा. त्यामुळे पदवी स्वतःची आणि अभ्यासक्रमाला विद्यापीठाची संलग्नता लागत नाही. हा दर्जा मंत्रालयाच्या पत्राने मिळत नाही, कायद्याच्या अनुसूचीत नाव यावं लागतं. आंध्र प्रदेशची एनआयटी २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिचं नाव अनुसूचीत आलं २०१६ च्या दुरुस्तीने. या मधल्या काळात पहिल्या तुकडीचे पालक एकच प्रश्न विचारतात, की पदवी कोण देणार? त्याचं लेखी उत्तर प्रवेशाच्या आधी तयार हवं.

आता आतली रचना. वर व्हिजिटर, म्हणजे राष्ट्रपती. सगळ्या एनआयटींसाठी मिळून एक कौन्सिल, अध्यक्ष केंद्रीय शिक्षणमंत्री. त्याखाली प्रत्येक संस्थेचं स्वतःचं नियामक मंडळ, ज्याला सगळे ‘बोर्ड’च म्हणतात. त्यात अध्यक्ष, संचालक, केंद्राचे तंत्रशिक्षण आणि वित्त या बाजूंचे अधिकारी, राज्य सरकारने नेमलेले लोक, कौन्सिलने नेमलेले जाणकार आणि सिनेटने पाठवलेले दोन शिक्षक. शैक्षणिक बाबींना सिनेट, पैशाला वित्त समिती, बांधकामाला इमारत व बांधकाम समिती. वित्त समितीवर बोर्डाचे अध्यक्ष बसतात, बांधकाम समितीवर संचालक. कुलसचिव या सगळ्यांचा सचिव, दप्तराचा आणि शिक्क्याचा राखणदार.

महाराष्ट्रातला माणूस ‘सिनेट’ शब्दावर हमखास फसतो. आपल्या विद्यापीठांत सिनेट म्हणजे अधिसभा: पदवीधरांच्या निवडणुका, पॅनेल, अर्थसंकल्पावर भाषणं. एनआयटीची सिनेट म्हणजे आपल्याकडची विद्यापरिषद. संस्थेतले प्राध्यापक, अध्यक्ष संचालक आणि बाहेरचे थोडे शिक्षणतज्ज्ञ. तिथे निवडणूक नाही. ‘राष्ट्रीय संस्था झाल्यावर माजी विद्यार्थ्यांना सिनेटवर जागा मिळेल’ असं कोणी सांगत असेल तर ते या गोंधळातून आलेलं आहे.

अधिकार कुठे संपतो हे शब्दांवरून कळतं. ‘परिनियम’ म्हणजे पदं, नेमणुका, सेवाशर्ती, समित्या. ते बोर्ड करू शकतं, पण व्हिजिटरच्या संमतीशिवाय लागू होत नाहीत. ‘अध्यादेश’ म्हणजे प्रवेश, परीक्षा, श्रेयांक (क्रेडिट), शिस्त. ते सिनेट करते आणि पुढच्या बैठकीत बोर्डापुढे ठेवते. म्हणून एखादा विषय सहाऐवजी आठ श्रेयांकांचा करायचा असेल तर एका सत्रात होतं. शिक्षकाचं एक नवं पद निर्माण करायचं असेल तर ते संस्थेच्या हातात नाही. नवे लोक पहिल्या वर्षी हे उलटं समजतात. अभ्यासक्रमासाठी दिल्लीला पत्रं पाठवतात आणि पदांच्या जाहिराती परस्पर काढायला निघतात.

पैशाची व्यवस्था राज्याच्या कॉलेजातून आलेल्या माणसाला सगळ्यात अनोळखी वाटते. शासकीय महाविद्यालयात पगार कोषागारातून येतो, प्राचार्य फक्त देयकावर सही करतो. एनआयटीला अनुदान तीन शीर्षांखाली येतं: ओएच-३६ पगार, ओएच-३१ चालू खर्च, ओएच-३५ भांडवली मालमत्ता. एका डब्यातलं दुसऱ्यात परस्पर घालता येत नाही. वसतिगृहाचं छप्पर गळतंय, ३१ मध्ये शिल्लक नाही आणि ३५ मध्ये आहे, म्हणून दुरुस्तीला ‘नवीन बांधकाम’ म्हणायचा मोह होतो. लेखापरीक्षणात हा मुद्दा पहिल्या पानावर येतो.

दुसरी गोष्ट, पैसा आता संस्थेच्या बँक खात्यात साचत नाही. रिझर्व्ह बँकेतल्या ट्रेझरी सिंगल अकाउंटमध्ये खर्चाची मर्यादा दिली जाते आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. त्यामुळे जे यंत्र मार्चमध्ये येऊन, बसवून, तपासून, बिल पास व्हायला हवं, त्याचं तांत्रिक विनिर्देशपत्र, म्हणजे यंत्र नेमकं कसं हवं याचा कागद, आदल्या जून-जुलैत तयार असावं लागतं. आयात यंत्राला तर याहूनही आधी. विभागप्रमुख सप्टेंबरात मागणी पाठवतात, ऑक्टोबर विनिर्देश दुरुस्त करण्यात जातो, निविदा डिसेंबरात उघडते, एकच पात्र पुरवठादार निघतो म्हणून ती परत काढावी लागते, आणि फेब्रुवारीत सगळे लेखा विभागावर चिडतात. चूक बहुतेक वेळा विनिर्देशात असते. एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरवलेले आकडे असले की बाकीचे आपोआप अपात्र ठरतात.

वर्षाचे हिशेब ३० जूनपर्यंत लेखापरीक्षणाला तयार हवेत आणि कॅगचा अहवाल जोडून ३१ डिसेंबरपर्यंत संसदेपुढे. मागच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, अडकलं की पुढचा हप्ता अडकतो.

इमारतीसाठी आणखी एक वाट आहे, हेफाचं कर्ज. २०१७ मध्ये सुरू झालेली ही वित्तसंस्था कर्ज देते. व्याजाचा भार सरकार उचलतं, पण जुन्या संस्थांना मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे मुख्यतः फीमधून फेडावं लागतं. बी.टेक.ची शिकवणी फी २०१६ पासून वर्षाला १,२५,००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी, कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफी, एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफी. हे धरूनच परतफेडीचा तक्ता करायचा. ‘विद्यार्थी गुणिले सव्वा लाख’ असा सरळ गुणाकार करून कर्ज काढलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी वीजबिल भरताना नाकी नऊ येतात.

आता जागा. निम्म्या जागा राज्याच्या, निम्म्या बाहेरच्या, ही १९६० ची वाटणी अजून तशीच आहे. फरक इतकाच की ‘राज्यातला’ म्हणजे अधिवास प्रमाणपत्र असलेला नव्हे, तर बारावी त्या राज्यातून उत्तीर्ण झालेला. नागपूरचा मुलगा हैदराबादला राहून तिथून बारावी झाला तर त्याचं गृहराज्य तेलंगण. कोकणातल्या मुलाला गोव्याच्या एनआयटीत राज्य कोटा नाही. प्रवेश जेईई मेनच्या क्रमांकावर, जोसा या संयुक्त जागावाटप यंत्रणेच्या फेऱ्यांतून, आणि उरलेल्या जागा सीसॅब या केंद्रीय जागावाटप मंडळाच्या विशेष फेऱ्यांतून. परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी ‘डासा’ हा वेगळा रस्ता आहे. त्यात पंधरा टक्क्यांपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येवरच्या जादा जागा असतात, फी वेगळी, आणि तिथेही आता जेईई मेनचाच क्रमांक लागतो.

तुमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने कडू भाग इथे आहे. आज शासकीय कॉलेजात बहुतांश मुलं राज्यातली आहेत. एनआयटी झाल्यावर निम्म्या जागा बाहेर जातील आणि उरलेल्या निम्म्यांवर मुंबई-पुण्याच्या क्लासमधली मुलं येतील. जिल्ह्यातल्या मुलांची संख्या घटणार. मागणी करणाऱ्यांनी हे आधी स्वतःशी कबूल करावं. नंतर ‘स्थानिकांसाठी राखीव जागा द्या’ म्हणून आंदोलन करण्यात अर्थ नाही, त्या चौकटीत जिल्ह्याचा कोटा नाहीच.

संख्यावाढीचं गणित एकदा जवळून बघण्यासारखं आहे, कारण संस्थांची वसतिगृहं त्यानेच तुंबली. केंद्रीय संस्थांत पूर्वी १५ टक्के अनुसूचित जाती आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींसाठी होते. म्हणजे शंभरातल्या ७७.५ जागा खुल्या. २७ टक्के इतर मागासवर्गीयांसाठी आल्यावर खुला वाटा ५०.५ टक्के उरणार होता. खुल्या जागांचा आकडा कमी होऊ द्यायचा नाही असं ठरलं. मग एकूण जागा किती लागतील? ७७.५ भागिले ०.५०५, म्हणजे सुमारे १५३.५. म्हणून ५४ टक्के वाढ. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आले तेव्हाही हाच हिशेब: ५०.५ भागिले ०.४०५, सुमारे १.२५, म्हणून २५ टक्के वाढ. दोन्ही मिळून मूळ शंभराचे १९२ होतात. शिवाय २०१८ पासून मुलींचं प्रमाण वाढवून वीस टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी अधिसंख्य जागा.

आता १९६० च्या आराखड्यातला मेस डोळ्यांपुढे आणा. दोनशे मुलांसाठी बांधलेला, जेवणाची वेळ दीड तास. चारशे मुलं झाली की एका ताटाला मिळणारा वेळ निम्मा होतो. म्हणून पाळ्या लागतात, पाळ्या लागल्या की सकाळचं आठचं व्याख्यान अर्धं रिकामं राहतं, आणि तक्रार पोहोचते सिनेटमध्ये, ‘हजेरी घसरली’ या शीर्षकाखाली. मुळात ती स्वयंपाकघराची तक्रार असते. मुलींच्या वसतिगृहाचं आणखी वेगळं. वीस टक्क्यांचा निर्णय आला तेव्हा इमारत दहा टक्क्यांच्या हिशेबाची असेल तर खोलीत दोनाऐवजी तीन खाटा लावल्या जातात आणि ती सोय तात्पुरती म्हणत पाच वर्षं चालते.

तुमच्या कॉलेजसाठी ढोबळ आकडा मांडून पाहा. दरवर्षी ६०० बी.टेक. घेतले तर चार वर्षांचे २४००. एम.टेक. २०० म्हणजे दोन वर्षांचे ४००. पीएच.डी. २००. एकूण ३०००. बारा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक धरला तर २५० शिक्षक लागतात. आणि निम्मी मुलं परराज्यातली, उरलेल्यांतलीही बहुतेक बाहेरगावची, म्हणजे जवळजवळ तीन हजारांना राहायची जागा. आजच्या तुमच्या वसतिगृहाची क्षमता या आकड्याशेजारी लिहा. प्रस्तावाचं खरं वजन तिथे कळतं.

शिक्षकांचा मुद्दा सर्वात अवघड, आणि इथे पैशापेक्षा प्रक्रिया आडवी येते. पदाची जाहिरात काढण्याआधी बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी याची क्रमवार वही, तपासून घ्यावी लागते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे शिक्षक संवर्गाच्या आरक्षणासाठी संपूर्ण संस्था हे एकक आहे, विभाग नव्हे. विभागवार नामावली केली की लहान विभागांत आरक्षित बिंदू येतच नाहीत, म्हणून हा बदल झाला. राज्याकडून आलेल्या कॉलेजात नामावली राज्याच्या टक्केवारीने आणि राज्याच्या प्रवर्गांनी लिहिलेली असते. विमुक्त जाती, भटक्या जमाती हे महाराष्ट्रातले स्वतंत्र प्रवर्ग केंद्राच्या नामावलीत तसे नाहीत. त्यामुळे जुनी वही पुढे चालवता येत नाही. आजवरची प्रत्येक नेमणूक नव्या बिंदूवर बसवून पाहावी लागते. या कामाला एक जाणकार अधीक्षक, जुन्या सेवापुस्तिका आणि काही महिने लागतात. घाईने केलेली नामावली न्यायालयात टिकत नाही आणि मग अख्खी भरती रखडते.

निवड समितीत संचालक, व्हिजिटरचा प्रतिनिधी, बोर्डाने आणि सिनेटने सुचवलेले बाहेरचे तज्ज्ञ आणि विभागप्रमुख असतात. यातली एक खुर्ची जरी रिकामी असली, बोर्डाला अध्यक्ष नसला, तज्ज्ञांची यादी मंजूर नसली, तरी मुलाखती होत नाहीत. अनुभवाने सांगतो, अर्ज मागवण्याआधी समितीची माणसं आणि तारखा पक्क्या करा. अर्ज आले, छाननी झाली आणि वर्षभर समितीच बसली नाही, तर चांगले उमेदवार दुसरीकडे गेलेले असतात आणि उरलेल्यांचा ताजा संशोधन-तपशील परत मागवावा लागतो.

पीएच.डी. शिवाय नियमित शिक्षकपद नाही. सहायक प्राध्यापकाची पहिली श्रेणी कंत्राटी, मग वरच्या श्रेणी. शासकीय कॉलेजातले जे शिक्षक एम.टेक.वर वीस वर्षं उत्तम शिकवत आले, त्यांचं काय हा प्रश्न रूपांतराच्या पहिल्याच दिवशी समोर येतो. त्यांच्या मूळ सेवाशर्तींना संरक्षण द्यावं लागतं, पण नव्या श्रेणीत ते आपोआप बसत नाहीत. परत राज्यसेवेत जायचं की इथेच समाविष्ट व्हायचं, याचा लेखी विकल्प मुदतीत घ्यायचा, आणि आधीच्या सेवेचं निवृत्तिवेतन कोण देणार हे राज्य व केंद्र यांच्या करारात स्पष्ट लिहायचं. ‘नंतर ठरवू’ असा एक शब्द त्या करारात राहिला, तर निवृत्तीनंतर लोक दोन कार्यालयांच्या मध्ये लटकतात.

जमीन आणि इमारती. नागपूरला सुमारे २१५ एकर आवार पूर्वीपासून हाताशी आहे, म्हणून वाढ पेलली. २०१० मध्ये दहा नव्या एनआयटी एकदम सुरू झाल्या, तेव्हा बहुतेकांना उसन्या जागेत वर्ग भरवावे लागले. गोव्याची संस्था सुरतकलच्या पालकत्वाखाली सुरू झाली, वर्ग फर्मागुडीला गोवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात. कुंकळ्ळीच्या कायमच्या आवाराचं उद्घाटन झालं फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौदा वर्षं. उत्तराखंडात तर जागेचा वाद आणि गैरसोयी यांमुळे ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्यार्थी श्रीनगर-गढवालचं तात्पुरतं आवार सोडून निघून गेले आणि पुढे बऱ्याच जणांचे वर्ग जयपूरच्या एनआयटीत भरवावे लागले. जमिनीचा सातबारा संस्थेच्या नावावर होईपर्यंत आराखडाकारालाही बोलावू नये, इतकं हे सरळ आहे. वनजमीन, गायरान, पाटबंधाऱ्याचा बुडीत पट्टा, मधून गेलेली उच्चदाब वाहिनी: यातलं एक जरी निघालं तरी दोन-तीन वर्षं गेली.

वसतिगृहाच्या फाइलचा प्रवास असा असतो. गरजेचं टिपण, मग बांधकाम खात्याचं किंवा नेमलेल्या संस्थेचं प्राथमिक अंदाजपत्रक, बांधकाम समिती, वित्त समिती, बोर्ड. मग प्रशासकीय मान्यता आणि खर्चमंजुरी, त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. बोर्ड वर्षातून साधारण चारदा बसतं, वित्त समिती दोनदा. बांधकाम समितीचं इतिवृत्त वित्त समितीच्या बैठकीनंतर आठवड्याने तयार झालं, तर सहा महिने फुकट. म्हणून तिन्ही बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला याच क्रमाने लावायच्या, मध्ये पंधरा-वीस दिवस ठेवून. कुलसचिवाचं कौशल्य इथे दिसतं, भाषणात नाही. आणि अंदाजपत्रकात खाटा, टेबलं, स्वयंपाकघराची भांडी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, रोहित्र हे सगळं आहे ना, ते ओळ न् ओळ पाहायचं. इमारत पूर्ण आहे पण वीजजोडणी नाही म्हणून कुलूप, हे चित्र दुर्मीळ नाही.

मग तुमच्या कॉलेजची शक्यता किती? प्रामाणिकपणे, कमी. राज्याची कॉलेजं एनआयटी झाली आहेत: पाटणा २००४, रायपूर २००५, आगरतळा २००६. पण तिन्ही राज्यांत तेव्हा एनआयटी नव्हती. आज देशात ३१ एनआयटी आहेत आणि धोरण ‘राज्याला एक’ असंच राहिलं आहे. आंध्रला नवी मिळाली कारण राज्य विभागल्यावर वारंगळ तेलंगणात गेलं. महाराष्ट्राची एक नागपूरला आहे. दुसरी मागणं म्हणजे आधी धोरण बदलायला सांगणं.

माझं मत विचाराल तर पुण्याच्या सीओईपीचा (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा) रस्ता जास्त हाताशी आहे. १८५४ ची ही संस्था २००३ मध्ये स्वायत्त झाली, स्वतःचं नियामक मंडळ मिळालं, आणि २०२२ मध्ये राज्याच्या कायद्याने स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. पदवी स्वतःची, अभ्यासक्रम स्वतःचा, आणि जागा राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत राहिल्या. केंद्राचा निधी नाही, हे खरं. पण जिल्ह्यातल्या मुलांसाठी मागणी असेल तर त्यांना याचा उपयोग जास्त.

तरीही प्रस्ताव करायचाच असेल, तर निवेदनाऐवजी ही कागदपत्रं आधी गोळा करा: संपूर्ण आवाराची मोजणी आणि अतिक्रमणांचा नकाशा, मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, नावानिशी व पात्रतेनिशी, मागच्या पाच वर्षांचा पगार व चालू खर्च, चालू न्यायालयीन प्रकरणं, वसतिगृह क्षमता, जडवस्तू नोंदवही (यंत्रं, फर्निचर वगैरे सामानाची वही) प्रत्यक्ष मोजणीशी ताडून. ही नोंदवही म्हणजे बहुतेक कॉलेजांत रडकथा असते. १९७० सालचं लेथ वहीत आहे, जागेवर नाही, आणि निर्लेखनाचा, म्हणजे ते वहीतून काढून टाकण्याचा, आदेशही नाही. हस्तांतराच्या यादीवर केंद्राचा अधिकारी सही करताना नेमकं तेच लेथ मागतो. निर्लेखन समिती बसवून हे आधीच मिटवा.

आणि जुने विद्यार्थी. ज्यांनी जुन्या विद्यापीठाखाली प्रवेश घेतला त्यांची पदवी त्याच विद्यापीठाची. म्हणजे रूपांतरानंतर किमान तीन वर्षं परीक्षा विभागात दोन नियमावल्या, दोन गुणपद्धती आणि दोन वेळापत्रकं एकाच वेळी चालतात. शेवटची नियमित तुकडी बाहेर पडली तरी एटीकेटीवाले उरतात. विद्यापीठ त्यांच्यासाठी जुन्या अभ्यासक्रमाच्या प्रश्नपत्रिका किती संधींपर्यंत काढणार, हे करारात तारखेनिशी लिहून घ्यावं, आणि त्या मुलांच्या कागदांसाठी एक लिपिक वेगळा ठेवावा. शेवटच्या मुलाचा निकाल लागेपर्यंत त्याची बदली करू नये.